घासण्याआधी विचारा, जमिनीवर आहे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या आपल्या पुरवणीत जुनी लाकडी जमीन ‘नव्यासारखी’ कशी करावी यावर आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चाळीस वर्षं वह्या तपासल्या, ती खोड जात नाही. लेख वाईट नाही, छायाचित्रं तर फारच सुरेख. सल्ला थोडक्यात असा: जमीन साबणाच्या पाण्यानं स्वच्छ पुसा, मशिननं घासून घ्या आणि वर पॉलियुरेथेनचे, म्हणजे कारागीर ज्याला पीयू म्हणतात त्याचे, तीन हात द्या. सगळं ठीक. पण त्या जमिनीवर आत्ता काय आहे, हा प्रश्न अख्ख्या लेखात कुणी विचारलेलाच नाही. आणि ज्यांच्या जमिनीवर मेण आहे त्यांनी हा सल्ला पाळला, तर त्यांचं काय होईल हे मी सांगू शकते, कारण आठ वर्षांपूर्वी मी तंतोतंत हेच केलं.

आमच्या घरात वरच्या मजल्यावर मामंजींची वाचायची खोली आहे. तळहाताहून थोड्या रुंद सागवानी फळ्यांची जमीन. मामंजी होते तोवर वर्षातून दोनदा ती खोली रिकामी व्हायची. मग ते गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन बसत, एका पसरट डब्यातलं मेण फडक्यानं चोळत आणि दुपारभर कुणाला वर फिरकू देत नसत. दोन दिवस जिन्यापर्यंत टर्पेंटाइनचा वास यायचा. ते गेल्यावर खोली आमच्याकडे आली आणि आम्ही खालच्या फरशीसारखीच तीही रोज ओल्या फडक्यानं पुसायला लागलो. दोन वर्षांत जमिनीची कळा गेली. खिडकीपाशी पांढरट डाग, दारातून टेबलाकडे जाणारा मळकट पट्टा, कोपऱ्यांत पिवळसर, चिकट थर.

एक ठेकेदार आला. भला माणूस होता, कामचुकार मुळीच नाही. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, “बाई, मशिनचा हलका हात मारतो आणि वर पीयू चढवतो. दहा वर्षं बघायला नको.” मशिन सुरू झालं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दर पाच मिनिटांनी तो पॉलिशपेपर बदलत होता. पेपरवर भुसा बसण्याऐवजी तपकिरी, चिकट लगदा बसत होता. त्याचं म्हणणं, सागाला तेल असतं म्हणून असं होतं. सागाला तेल असतं हे खरं, पण तो लगदा तेलाचा नव्हता. मशिनच्या घर्षणानं तापून वितळलेलं मामंजींचं मेण होतं ते, आणि जितकं पेपरवर येत होतं तितकंच वितळून लाकडाच्या नसांत आणि फळ्यांच्या सांध्यांत मुरत होतं.

पीयू लावला तेव्हाच काही ठिकाणी तो एकसारखा पसरेना. माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खळगे पडले. तिथं त्यानं पुन्हा एक हात दिला. जमीन काचेसारखी चमकली, आम्ही खूश. तिसऱ्या आठवड्यात खिडकीजवळ एक पापुद्रा उभा राहिला. मी नखानं ओढला तर ओढतच गेला, वीतभर लांब. उन्हानं भाजलेल्या पाठीची साल निघते ना, तशी. खाली लाकूड जसंच्या तसं, कोरडं, किंचित तुळतुळीत.

ठेकेदारानं दोष लाकडाला दिला. यांनी दोष ठेकेदाराला दिला. मी पापुद्रा कागदात गुंडाळून ठेवला, कारण प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यावर नमुना टाकून देववत नाही.

शेवटी आमच्या ओळखीतले एक म्हातारे पॉलिशवाले काका आले. त्यांनी काही न बोलता वाकून, जिथं पीयू निघाला होता तिथं अंगठ्याच्या नखानं एक ओरखडा काढला. नखात आलेलं नाकाशी नेलं, दोन बोटांत चोळलं आणि मला विचारलं, “बाई, मेणबत्तीला रंग लावला तर टिकेल का?” मी रसायनशास्त्राची शिक्षिका. त्या क्षणी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावंसं वाटलं.

कारण हे कुठल्याही हस्तपुस्तिकेशिवाय मला कळायला हवं होतं. पीयू ही एक फिल्म आहे. ती वाळताना तिच्यात रासायनिक बंध तयार होतात, ती कठीण आणि अविद्राव्य होते, पण जमिनीवर टिकायला तिला खालचं लाकूड धरून ठेवावं लागतं. मेण तिला ते धरूच देत नाही. मेणाचं वागणं अगदी उलटं. डब्यातलं मेण म्हणजे मधमाशीचं मेण, कार्नौबा हे झाडाचं मेण, कधी पॅराफिन, असं काहीबाही टर्पेंटाइनमध्ये किंवा तशाच द्रावकात विरघळवलेलं. द्रावक उडून जातं, मेण होतं तसंच मागे राहतं. त्याच्यात काहीही ‘पक्कं’ होत नाही. म्हणून आज लावलेलं मेण पन्नास वर्षांनीसुद्धा त्याच टर्पेंटाइननं पुन्हा सुटतं. म्हणूनच ते पाण्याला, उष्णतेला आणि अल्कोहोलला कच्चं आहे, आणि म्हणूनच त्याची दुरुस्ती हातभर जागेतसुद्धा करता येते. पीयूच्या जमिनीवर एक खोल चरा पडला, तर तेवढाच नीट जुळवणं महाकठीण, बहुतेक वेळा अख्खी खोली घासावी लागते. मेणाच्या जमिनीवरचा चरा फडका आणि दहा मिनिटं एवढ्यावर भागतो.

आता आपल्या लेखात जे यायला हवं होतं ते. जमिनीवर काय आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. कपाटामागची किंवा दाराआडची, फारशी न दिसणारी जागा घ्या. नखानं किंवा नाण्याच्या कडेनं हलकेच खरवडा. नखाखाली मऊ, मळकट असं काही गोळा झालं तर मेणाची शक्यता मोठी. मग पाण्याचे दोन थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. मेण असेल तर थेंबाच्या जागी पांढरट डाग उमटतो. घाबरू नका, अगदी बारीक स्टील वुलला, म्हणजे पोलादाच्या केसासारख्या तारांच्या बोळ्याला, किंचित मेण लावून चोळलं की तो जातो. तिसरी खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते. पांढरं सुती फडकं मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवून जमिनीवर घासायचं. फडक्यावर पिवळा-तपकिरी रंग आला आणि जमिनीची तेवढी जागा निस्तेज झाली, की मेण आहे. पीयूवर टर्पेंटाइनचा काही परिणाम होत नाही. आणि टर्पेंटाइननं मेण निघाल्यावरही खाली चकाकी उरली असेल तर तिथं स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहावा. चिकट झालं तर खाली लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश आहे. पूर्वी लाखेचा हात देऊन वर मेण घासायची पद्धत होतीच. घर १९६०–७० च्या आधीचं असेल आणि जमीन त्यानंतर कुणी घासलेली नसेल, तर मेण किंवा लाख किंवा दोन्ही असणार असं धरूनच चालावं. पीयू घरोघरी आला तो त्यानंतर.

काकांनी आम्हाला मशिन पुन्हा आणू दिलं नाही. कारण साधं होतं. पाऊण इंची, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर जाडीच्या फळीत घासायला मिळतं ते फक्त फळ्या एकमेकींत अडकवायला कडेला ठेवलेल्या खाच आणि जिभेच्या वरचं लाकूड, साधारण ६ मिलिमीटर. दर वेळी मशिन त्यातलं थोडं खाऊन टाकतं. चार-पाच वेळा झालं की खिळे दिसायला लागतात, फळीची कड चिरफळते. वर पातळ लाकडाचा थर चिकटवलेल्या आजकालच्या तयार जमिनीत तर हा थर कधी कधी एका मिलिमीटरहूनही कमी असतो, तिथं एकदाच चुकलं तरी संपलं. मेणाच्या दुरुस्तीत लाकूड झिजतच नाही.

पीयूचे पापुद्रे आम्ही पोलादी पत्रीनं, तिरकी धरून, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं काढले. धरच नव्हता, त्यामुळे बहुतेक सुटून आले. मग खरं काम सुरू झालं, ते म्हणजे जुनं मेण काढणं.

ही गोष्ट लिहून कळेल की नाही माहीत नाही, पण सांगते. एका वेळी घ्यायची दोन हात लांब, दोन हात रुंद एवढीच जागा. टर्पेंटाइन थेट जमिनीवर ओतायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. जमीन ओली झाली की दोन-तीन मिनिटं थांबायचं. तेवढ्यात पृष्ठभाग बदलतो. आधी जो तुकतुकीत, राखाडी थर दिसत होता तो मऊ पडून चिखलासारखा होतो. मग पॅडनं लाकडाच्या रेषेच्या बाजूनं घासायचं, आडवं कधीच नाही, आणि तो चिखल सुकण्याआधी कोरड्या फडक्यानं उचलायचा. या ‘सुकण्याआधी’मध्येच सगळं आहे. मी पहिल्या दिवशी उत्साहानं अर्धी खोली भिजवली आणि मग पुसायला घेतली. तोवर द्रावक उडून गेलं होतं आणि सुटलेलं मेण मळासकट पुन्हा जागच्या जागी बसलं होतं. फक्त आता ते सगळीकडे सारखं पसरलं होतं. काका म्हणाले, “बाई, तुम्ही मळाला पॉलिश केलंत.”

फडकी सतत बदलावी लागतात. पहिलं काळं, दुसरं तपकिरी, तिसरं फिकट पिवळं. फडकं जवळजवळ पांढरं राहिलं की त्या चौकोनातून उठायचं. सांध्यांतलं मेण लाकडी काडीनं खरवडून काढावं लागलं. माझी दोन दिवस कंबर धरली होती.

इथं माझी दुसरी चूक, आणि ही मला जास्त लागली. पॅड म्हणून मी अतिबारीक स्टील वुल वापरलं होतं. ते वापरतात, त्यात काही गैर नाही. पण त्याचे केसासारखे तुकडे तुटून नसांत अडकतात. संध्याकाळी जमीन स्वच्छ दिसावी म्हणून मी एक ओलसर फडका फिरवला. सकाळी पाहते तर जमिनीवर शेकडो काळे-निळे ठिपके, जणू कुणी दौत झटकली होती. आणि ती खरोखरच दौत होती! लाकडातलं टॅनिन आणि लोह पाण्याच्या सोबतीत आले की जे काळं संयुग तयार होतं, त्याचीच शाई माणसानं शेकडो वर्षं वापरली. ओकच्या गाठींतलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, यांची शाई कशी होते हे मी दर वर्षी परीक्षानळीत दाखवत होते. ओकमध्ये टॅनिन भरपूर, सागातही पुरेसं. घरच्या जमिनीवर मी एवढी मोठी परीक्षानळी मांडेन असं वाटलं नव्हतं.

ठिपके ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणानं गेले. ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलं आणि जनावरं त्या खोलीपासून लांब हवीत, आणि डाग गेल्यावर जागा पाण्याच्या फडक्यानं नीट पुसून पूर्ण वाळू द्यायला हवी. हा प्रकार उघड्या लाकडावरच चालतो, वर मेण असताना आम्ल आत जातच नाही. म्हणून आता मी लोखंडाला हात लावत नाही. ब्राँझ वुल किंवा नायलॉनचं पांढरं पॅड तेच काम करतं.

फडक्यांबद्दल मात्र जरा थांबून लिहिते, कारण आपल्या लेखात याबद्दल अवाक्षर नाही. टर्पेंटाइनची वाफ पेटते, म्हणून खिडक्या उघड्या, खोलीत आणि शेजारच्या खोलीत ज्योत नाही, हे कुणीही सांगेल. पण अळशीचं तेल लागलेली फडकी काहीही न लावता आपोआप पेटू शकतात हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अळशीचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना उष्णता बाहेर पडते. फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली की ती उष्णता आतच साठत जाते. अमेरिकेत फिलाडेल्फियाला वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी तिच्या २२ व्या मजल्यावर आग लागली, ती लाकडी कामाच्या डागडुजीनंतर तिथं राहिलेल्या अळशीच्या तेलाच्या चिंध्यांमुळे. आठ मजले जळाले, अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. आग थांबली ती ३० व्या मजल्यावर, कारण तिथं पाण्याचे स्वयंचलित फवारे बसवलेले होते. घरगुती मेणात अळशीचं तेल घालायची अनेकांची सवय असते, मामंजींच्या डब्यातही ते होतं. तेव्हा अशी फडकी बाहेर, मोकळ्या हवेत, एकेक पसरून पूर्ण वाळवावीत, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावीत. आमच्याकडे हे काम यांचं होतं. दोरीवर चिमट्यांनी लावलेल्या त्या तपकिरी चिंध्या बघून शेजारच्यांनी काय काय विचारलं ते इथं लिहीत नाही.

मेण लावणं त्यामानानं सुखाचं. पण हात आवरावा लागतो. काकांची पद्धत अशी: मलमलीसारख्या सुती कापडाच्या दुहेरी घडीत सुपारीएवढं मेण ठेवायचं, पुरचुंडी बांधायची आणि तीच जमिनीवर गोल गोल फिरवायची. कापडाच्या विणीतून झिरपेल तेवढंच मेण जमिनीला मिळतं. मी थेट बोटानं मेण घेतलं तर त्यांनी डबा स्वतःकडे ओढला. जाड थर वरून सुकल्यासारखा दिसतो आणि खाली मऊच राहतो. मग त्यावर धूळ चिकटते, पावलांचे ठसे उमटतात, आणि मुख्य म्हणजे पाय घसरतो. मेणाच्या जमिनी निसरड्या असतात ही जी ओरड आहे, ती बहुतेक वेळा जास्त मेणाची असते. सतरंजीखाली तर मेण लावूच नये.

लावून झालं की पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. जमीन आरशावर फुंकर मारल्यासारखी धूसर दिसायला लागते, तीच वेळ. मग घासायचं, आधी ताठ केसांच्या ब्रशनं, मग लोकरीच्या कापडानं. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही, कापड अडखळतं. मग एका क्षणी हाताखालचा आवाज बदलतो, खरखर जाऊन कापड सरकायला लागतं, आणि त्या जागी लाकडाच्या आतून उजेड आल्यासारखं वाटतं. पीयूची चमक लाकडाच्या वर असते. ही वेगळी. दुसरा पातळ हात दुसऱ्या दिवशी.

चमक येते ती घासण्यानं, हे मी पूर्वी नुसतं ऐकलं होतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, कार्नौबा ८२ ते ८६ अंशांना. कार्नौबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, नुसतं घेतलं तर दगडासारखं कडक आणि ठिसूळ. म्हणून दोन्ही मिसळतात. एक हाताला वळतं, दुसरं पावलांना टिकतं. डब्यावर कार्नौबाचं प्रमाण जास्त असेल तर घासायला दम लागतो, हे विकत घेण्याआधी लक्षात ठेवावं. आणि ‘घासायची गरज नाही, आपोआप चमकतं’ असं लिहिलेलं पाण्यात मिसळलेलं द्रव लाकडाच्या मेणावर ओतू नये. ते बहुधा ॲक्रिलिक असतं, दगडी किंवा व्हिनाइलच्या फरशीसाठीचं. फर्निचरवर मारायच्या सिलिकॉनच्या फवाऱ्यांचंही तेच. पुढे कुणाला कुठलंही पॉलिश द्यायचं झालं की तेच माशाचे डोळे परत येतात.

पाणी तर फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातही भोवलं होतं. तिथल्या दालनांतली संगमरवरी फरशी धुण्याचं पाणी खालच्या लाकडी तुळयांत मुरून त्या कुजू लागल्या, म्हणून १६८४ च्या सुमारास लाकडी पट्ट्यांची जमीन बसवली गेली. आणि ती पुसली जात नसे, घासली जाई. फ्रान्समध्ये त्यासाठी पायाला ब्रश बांधून जमिनीवर घसरत जाणारे खास नोकर असत. कायबॉत या चित्रकारानं १८७५ मध्ये गुडघ्यांवर बसून जमीन तासणाऱ्या उघड्या अंगाच्या तीन मजुरांचं मोठं चित्र काढलं. पॅरिसच्या प्रतिष्ठित प्रदर्शनानं ते नाकारलं होतं, आज ते ओर्से संग्रहालयात आहे. त्यातल्या माणसांचे खांदे मी कंबर धरलेली असताना फार आस्थेनं पाहिले. आणखी एक गंमत. मेणाच्या डब्यांमुळे जगभर पोचलेल्या जॉन्सन कंपनीची सुरुवात १८८६ मध्ये अमेरिकेतल्या रसीन गावी लाकडी जमिनी विकण्यापासून झाली. गिऱ्हाईक विचारायचं, ही जमीन राखायची कशी? म्हणून मेण आलं. पुढे जमिनी विकणं बंद पडलं आणि मेण राहिलं. राखायचं कसं हा प्रश्न तेव्हा गिऱ्हाइकाला पडत होता. आपल्या लेखात तो कुणालाच पडलेला नाही.

राखण्याचं म्हणाल तर फार नाही. मेणाचा मुख्य शत्रू म्हणजे चपलांबरोबर येणारी बारीक रेती. ती पॉलिशपेपरसारखीच काम करते. मऊ केसांचा झाडू रोज, दाराशी पायपुसणं, खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे. पाणी सांडलं तर लगेच टिपायचं. वाफेचा मॉप लाकडावर कधीही नाही. जमीन निस्तेज वाटली तर आधी नुसती कोरडी घासून पाहावी, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं. नवं मेण लागतं ते चालण्याच्या वाटेवर, वर्षातून एकदा, फार तर दोनदा. भिंतीलगत आणि कपाटाखाली दर वेळी लावत गेलं की तिथं पिवळा थर साचतो. आमच्या कोपऱ्यांतला तो चिकटपणा मामंजींच्या नेमानं साठलेला होता. त्यांना हे सांगायची सोय आता नाही, आणि असती तरी माझी छाती झाली नसती.

मी पीयूची वैरीण नाही. आमच्या खालच्या खोलीत जिथं नातवंडं पाणी सांडतात तिथं पीयूच आहे आणि तो उत्तम टिकलाय. उघड्या, नव्या किंवा पूर्ण घासून मेणाचा अंशही न उरलेल्या लाकडावर तो द्यावा. ज्याला वर्षातून एक दुपार जमिनीवर बसायचं नाही त्यानं मेणाच्या वाटेला जाऊही नये. पण मेणाच्या जमिनीवरून पीयूकडे जायचं तर सांध्यासांध्यांतलं मेण आधी टर्पेंटाइननं काढावं लागतं, मग घासावं लागतं, आणि तरीही एखाद्या सांध्यात लपलेलं मेण दगा देऊ शकतं. हे गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं.

आपल्याला माझी विनंती मोठी नाही. पुढच्या अंकात, कोपऱ्यात का होईना, एक चौकट छापा. नखाची, पाण्याच्या थेंबाची आणि पांढऱ्या फडक्याची खूण तेवढी त्यात असू द्या. फडक्यांच्या आगीबद्दल दोन ओळी जमल्या तर त्याही. हा लेख वाचून कुणीतरी या रविवारी मशिन भाड्यानं आणायच्या बेतात असेल.

पत्र छापलंत तर माझं नाव कृपया देऊ नये. ठेकेदार आजही रस्त्यात भेटला की हात जोडतो, आणि त्याचं पुढचं काम त्यानं काकांना विचारूनच केलं असं ऐकते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका

ता. क. : माझ्या म्हणण्यावर विश्वास बसत नसेल तर पुरावा शिल्लक आहे. मामंजींचं पुस्तकांचं कपाट हलवायला चार माणसं लागतात, म्हणून त्याच्या पुढ्यातला हातभर पट्टा आम्ही तसाच सोडला. त्यावर अजून पीयू आहे. दर उन्हाळ्यात त्याचा एखादा पापुद्रा उठतो आणि नातू तो ओढून काढतो. त्याच्या मते ती जमीन कात टाकते.